तव्याची काजळी आणि मुलीची लेखणी

आपल्या समाजातील मुलींच्या संगोपनाचा विषय निघाला की बोलणे बहुधा एका वाक्यावर येऊन थांबते : 'आता आपल्याही मुली शिकू लागल्या.' वाक्य खरे आहे आणि आनंदाचेही आहे. परंतु अपुरे आहे. जुन्या काळी आपल्या घरांतून मुलीला काहीच शिकवले जात नव्हते, असा समज त्यातून होतो. ज्यांना उस्तानी ठेवणे परवडत होते, त्या घरांत मुलीला कुराण-ए-पाक नाझिरा पढवले जाई. नमाज, रोजा, शिवणटिपण, रांधणे-वाढणे तर शिकवले जाईच. काही घरांत उर्दूची दोन-चार धार्मिक पुस्तकेही तिच्या हाती येत. वाद होता तो निराळ्याच गोष्टीवर. मुलीने वाचावे, इथपर्यंत पुष्कळांची तयारी होती. मुलीने लिहावे का, या प्रश्नावर मात्र घरातली वडीलधारी मंडळी एकदम गप्प होत किंवा एकदम रागावत.

'लिहिणे-वाचणे' हे शब्द आज आपण एका दमात उच्चारतो. उर्दूतही 'पढ़ना-लिखना' असा जोडशब्दच आहे. पहिलीच्या वर्गात आम्ही शिक्षक 'अलिफ' वाचायला आणि 'अलिफ' गिरवायला एकाच दिवशी शिकवतो. परंतु दीडशे वर्षांपूर्वी मुलीच्या बाबतीत या दोन पायऱ्यांमध्ये मोठी भिंत होती. ही भिंत कोणी बांधली आणि ती कोणाकोणाच्या हातून फुटली, हे समजून घेतले तर आज आपल्या घरांत मुलींना वाढवताना आपण नेमके काय करतो आहोत, हेही थोडे स्पष्ट होईल.

सुरुवात आपल्या दख्खनपासूनच करू. सतराव्या शतकात विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत 'चक्कीनामा', 'चरखानामा', 'लोरीनामा' अशी गीते रचली गेली. जाते ओढताना, सूत कातताना, बाळाला झोपवताना बायकांनी ती म्हणावीत आणि म्हणता म्हणता दीनची ओळख व्हावी, असा त्यामागे हेतू होता. जात्यावरच्या ओव्यांचा वारसा असलेल्या मराठी माणसाला ही रीत परकी वाटायचे कारण नाही. या चक्कीनाम्यांत एक प्रतिमा येते. जात्याचा खुंटा हा 'अलिफ' या अक्षरासारखा आहे, अलिफ म्हणजे अल्लाह, अशी ती कल्पना. आम्हाला या प्रतिमेचे मोल फार वाटते. रोज पहाटे हातात खुंटा धरणाऱ्या बाईला अलिफचा आकार ठाऊक होता. तो तिच्या मुठीत होता. परंतु तोच अलिफ कागदावर काढायला तिला कोणी बोलावले नव्हते. गीत कोणीतरी रचावे, तिने ते पाठ करावे, गावे आणि आपल्या मुलीला द्यावे, अशी ही शिक्षणाची पद्धत होती. ती प्रेमळ होती, उपयोगी होती. पण एकाच दिशेने वाहणारी होती.

लिहिण्याची भीती कशाची होती? सरळ उत्तर असे की, पत्राची. वाचणारी मुलगी मोठ्यांनी निवडून दिलेले वाचते. तिच्या आत काय जाते, यावर घराची नजर राहते. लिहिणारी मुलगी मात्र आपल्या मनातले बाहेर पाठवू शकते. ते कोणाला जाईल, काय जाईल, याचा भरवसा नाही. घराण्याची इज्जत मुलीच्या वागण्यावर तोललेली असल्यामुळे तिच्या हातातला बोरू ही बापाला जोखीम वाटे.

ही भीती केवळ मुसलमानांची नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. मुलगी शिकली तर तिला वैधव्य येते, अशी समजूत हिंदू घरांतून सर्रास होती. १८७३ साली न्यायमूर्ती रानडे यांच्याशी लग्न होऊन रमाबाई पुण्याला आल्या आणि पतीने त्यांना शिकवायला सुरुवात केली, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती जाच केला, ते त्यांच्याच १९१० सालच्या आठवणींच्या पुस्तकात आहे. म्हणजे पुण्याचा वाडा असो की उत्तरेतली हवेली, मुलीच्या लेखणीपुढे दोन्हीकडचे दरवाजे सारखेच करकरत होते.

या भिंतीला आतून भोक पाडणाऱ्या एका मुलीची हकीकत सुदैवाने तिच्याच शब्दांत शिल्लक आहे. अशरफुन्निसा बेगम, ज्यांना पुढे सगळे बीबी अशरफ म्हणू लागले, त्यांचा जन्म १८४० साली उत्तरेतल्या बिजनौर जिल्ह्यात एका सय्यद घराण्यात झाला. आई लहानपणीच गेली. घरी कुराण शिकवायला एक विधवा उस्तानी होती. तिने पुनर्विवाह केला, तेव्हा घरातल्या मोठ्यांना ते इतके खटकले की तिचे येणे बंद झाले आणि मुलींचा सबकही थांबला. वास्तविक विधवेचा निकाह हा दीनने दिलेला हक्क. पण रिवाज दीनपेक्षा भारी ठरला आणि त्याची शिक्षा शिकणाऱ्या मुलींना मिळाली.

अशरफने हट्ट सोडला नाही. लिहायचे तर शाई हवी आणि मुलीला शाई-कलम कोण देणार? तिने स्वयंपाकघरातच सामान शोधले. तव्याच्या बुडाची काजळी खरवडून पाण्यात कालवली, केरसुणीच्या काड्यांची कलमे केली आणि मागून आणलेल्या मजकुराची अक्षरे चोरून उतरवायला लागली. सुरुवातीला आपण काय उतरवतो आहोत, हेही तिला वाचता येत नव्हते. आकार आधी आले, अर्थ मागून आला. पुढे हे उघडकीस आल्यावर घरात बोलणी खावी लागली. आणि मग जे झाले ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या घराला मुलीने लिहिणे नको होते, त्याच घरातल्या बायका आपली पत्रे तिच्याकडून लिहून घेऊ लागल्या. गरज प्रत्येकीला होती, फक्त पहिली होण्याचे धाडस कोणाजवळ नव्हते. नवऱ्याच्या निधनानंतर याच बीबी अशरफ लाहोरच्या व्हिक्टोरिया शाळेत मुलींना शिकवू लागल्या. म्हणजे काजळीने गिरवलेली अक्षरे पुढे त्यांची रोजीरोटी झाली.

बीबी अशरफ आपल्या घरात एकट्या झगडत होत्या. त्याच काळात त्याच बिजनौर जिल्ह्यात जन्मलेला एक बाप मुलींसाठी पुस्तक शोधत होता. डेप्युटी नजीर अहमद सरकारी नोकरीत होते. आपल्या मुलांना गोडीने वाचता येईल असे पुस्तक उर्दूत मिळेना, म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले. मुलगा बशीरसाठी 'चंद पंद', धाकट्या मुलीसाठी 'मुंतखबुल हिकायात' आणि थोरलीसाठी 'मिरातुल उरूस'. थोडी पाने लिहायची, मुलींना द्यायची, त्या संपवून पुढची मागायच्या, असे ते पुस्तक वाढत गेले. पुढे शिक्षण खात्याच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस ते पडले, १८६९ साली छापले गेले आणि त्याला सरकारचे एक हजार रुपयांचे इनाम मिळाले. उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते, ती अशी एका बापाने घरातल्या मुलींसाठी लिहिलेली गोष्ट आहे.

अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती कथा आपल्या आई-आजींना ठाऊक असते. अकबरी लाडावलेली, फूहड. असगरी शहाणी, सुघड. आज वाचताना असगरीचे अतिशहाणपण थोडे जाचक वाटते. सारे गुण सासर सांभाळण्यासाठीच कामाला आलेले दिसतात. ही टीका रास्त आहे. परंतु एक गोष्ट निसटू नये. असगरीची ताकद कशात आहे? लेखणीत. मामा अजमत ही जुनी नोकरीण वर्षानुवर्षे घर लुटत असते. असगरी दुकानदारांच्या उधारीचा हिशेब तपासायला लावते आणि चोरी उघडी पडते. लग्नानंतर बाप दूरंदेश खान तिला उपदेशाचे लांब पत्र लिहितो. मुलीला पत्र वाचता येते, हे त्या कथेत गृहीतच आहे. शेवटी ती घरातच मुलींचा मकतब चालवते आणि त्याच मकतबाची गोष्ट १८७२ च्या 'बनातुन्नाश'मध्ये येते. म्हणजे मुलीच्या लिहिण्याची भीती घालवण्यासाठी नजीर अहमदांनी वाद घातला नाही. त्यांनी हिशेबाची वही पुढे केली. लिहिणारी सून घर बुडवत नाही, घर वाचवते, एवढेच दाखवले. लोकांना ते पटले, कारण ते सोयीचे होते.

१८७४ साली मौलाना हाली यांनी 'मजालिसुन्निसा' लिहिले. त्यात बायकांच्या बैठकीतल्या गप्पांमधून जुबैदा खातून या मुलीचे शिक्षण आणि पुढे तिने मुलाला कसे वाढवले, हे सांगितले आहे. इथेही मुलीचे शिक्षण शेवटी मुलाच्या कामी येते. त्या काळची ही तडजोड होती. खुद्द सर सय्यद अहमद खान यांना लहानपणी धडे दिले ते त्यांच्या आईने, अजीजुन्निसा बेगमने. तरीही १८८२ साली हंटर आयोगापुढे सर सय्यद यांचे म्हणणे असे होते की आधी पुरुष शिकू द्यावेत, मुलींच्या शाळांची वेळ अजून आलेली नाही. ज्यांचे उपकार आपण विसरू शकत नाही, अशा माणसांचीही नजर उंबरठ्याशी अडली होती, हे मान्य करण्यात त्यांचा अनादर नाही.

ही पुस्तके पुरुषांनी लिहिलेली होती. वाचणाऱ्या मुलींपैकी कोणी उत्तर दिले का? दिले. पाटण्याच्या रशीदुन्निसा यांनी नजीर अहमद वाचून १८८१ साली 'इस्लाहुन्निसा' ही कादंबरी लिहिली. ती छापायला तेरा वर्षे गेली. मुलगा विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतला आणि १८९४ साली पुस्तक निघाले. पण पुस्तकावर लेखिकेचे नाव नव्हते. अमक्या बॅरिस्टरची आई, अमक्याची मुलगी, अमक्याची बहीण, अशी तिची ओळख छापली होती. बाईने लिहिलेली उर्दूतली पहिली कादंबरी म्हणून आज तिचा मान आहे. परंतु त्या दिवशी पुस्तक छापता आले, नाव छापता आले नाही. पुढेही कित्येक वर्षे उर्दू मासिकांत 'बिन्ते अमुक', 'वालिदा तमुक', किंवा नुसती आद्याक्षरे, अशाच सह्या येत राहिल्या. अलिगढच्या शेरवानी घराण्यातली जाहिदा खातून ही कवयित्री 'जे. खे. शीन.' या अक्षरांआड लपून लिहीत होती. १९२२ साली अगदी तरुणपणी ती गेली.

आता 'बहिश्ती जेवर'विषयी. मौलाना अशरफ अली थानवी यांचा हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघाला आणि मुलीच्या जहेजात कुराणाबरोबर तो देण्याची पद्धत पडली. आपल्याकडेही अनेक घरांच्या कपाटात तो असतो. सुधारक मंडळी त्याचा उल्लेख नाक मुरडून करतात आणि परंपरावादी तो न उघडताच डोक्याला लावतात. उघडून पाहिला तर पहिल्याच भागात अक्षरओळख आहे, वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना मायना कसा लिहावा याचे नमुने आहेत. म्हणजे मौलाना मुलींना लिहायला शिकवत होते. मात्र अटीवर. मुलीच्या स्वभावात बेबाकी नसेल तर लिहिणे शिकवायला हरकत नाही, असा त्यांचा कल होता. मुलींनी वाचू नयेत अशा पुस्तकांची एक यादीही त्यात आहे आणि गंमत म्हणजे त्या यादीत खुद्द 'मिरातुल उरूस' आणि 'बनातुन्नाश' ही नावे आहेत. त्यांत काही शिकण्यासारखे आहे, पण काही भाग दीन कमजोर करणारा आहे, असे त्यांना वाटे. यावरून एक गोष्ट कळते. आधुनिक डेप्युटी आणि देवबंदी मौलाना यांच्यात टोकाचे अंतर होते. पण मुलीला अक्षर हवे, हे दोघांनाही मान्य झाले होते. भांडण उरले होते ते लेखणीवर नजर कोणी ठेवायची, याचे.

ही नजर बाजूला सारून बायकांना आपसांत बोलू देण्याचे काम केले ते लाहोरच्या एका जोडप्याने. देवबंदमध्ये शिकलेले सय्यद मुमताज अली यांनी स्त्रियांच्या हक्कांवर 'हुकूक-ए-निस्वाँ' लिहिले, तेव्हा सर सय्यद यांनी हस्तलिखित पाहून संतापाने ते फाडून टाकल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. सर सय्यद यांच्या निधनानंतर १८९८ साली ते छापले गेले. त्याच वर्षी १ जुलैला मुमताज अली आणि त्यांच्या पत्नी मुहम्मदी बेगम यांनी 'तहजीब-ए-निस्वाँ' हे साप्ताहिक काढले. संपादक मुहम्मदी बेगम होत्या आणि त्या वेळी त्यांचे वय विशीच्या आसपास होते. सुरुवातीला अंक फुकट पाठवले. पुष्कळ अंक पाकिटावर शिव्या लिहून परत आले. तीन महिन्यांनी वर्गणीदार होते साठ-सत्तर.

या साप्ताहिकात कशीदा होता, स्वयंपाक होता, मुलांची दुखणी होती, सासूशी कसे वागावे हे होते. क्रांतीची भाषा नव्हती. पण पंजाबच्या हवेलीतली बाई लिहायची आणि हैदराबादची बाई तिला पुढच्या अंकात उत्तर द्यायची. ज्या पत्राला घर भीत होते, ते पत्र आता छापून येत होते. बीबी अशरफ यांनी आपल्या काजळीच्या शाईची हकीकत लिहिली ती १८९९ साली याच साप्ताहिकात. मुहम्मदी बेगमने पुढे त्यांचे चरित्रही लिहिले. मुहम्मदी बेगम १९०८ साली ऐन तिशीत वारल्या. साप्ताहिक पुढे चाळीस वर्षे चालले.

आणि आता आपल्या मुंबई-कोकणाकडे. या साप्ताहिकात १९०७ साली लंडनहून येणारी एक रोजनिशी छापली जात होती. लिहिणारी अतिया फैजी. मुंबईच्या तय्यबजी-फैजी घराण्यातली ही मुलगी १९०६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला लंडनच्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात गेली होती. तिथली शाळा, वर्ग, गाठीभेटी यांची हकीकत ती घरी बहिणींना लिहून पाठवी. मोठी बहीण जोहरा ती नीटनेटकी करून लाहोरला छापायला देई. १९२१ साली 'जमाना-ए-तहसील' या नावाने तिचे पुस्तक झाले. तिसरी बहीण नाजली ही जंजिऱ्याच्या नवाबांची बेगम, म्हणजे आपल्या मुरूडची. तिनेही १९०८ सालच्या युरोप प्रवासाचे वर्णन उर्दूत लिहिले. बी.एड.च्या वर्गात आम्ही शिक्षणशास्त्राचा इतिहास शिकलो, त्यात ही नावे नव्हती.

या मुली अशा कशा झाल्या? श्रीमंती हे एक कारण आहेच, ते लपवायचे कारण नाही. परंतु श्रीमंत घरे पुष्कळ होती. या कुळातली एक घरगुती रीत मात्र वेगळी होती. तय्यबजी कुळातल्या घरांत 'अखबार की किताब' नावाची मोठी वही ठेवलेली असे. कोण आजारी पडले, कोण माथेरानला गेले, कोणाचा निकाह ठरला, असे घरातले जे काही असेल ते कोणीही त्यात लिहावे. पुरुषांनी लिहावे, बायकांनी लिहावे आणि मुलामुलींनीही लिहावे. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष, हे याच कुळातले. त्यांनी मुलींना शाळेत घातले, १९०४ मध्ये दोघींना इंग्लंडला पाठवले, हे इतिहासात नोंदले गेले. आम्हाला मात्र ती वही अधिक महत्त्वाची वाटते. कारण शाळेत मुलगी लिहायला शिकते. पण आपण लिहिलेले मोठी माणसे वाचतात, त्यावर हसतात, त्याला उत्तर देतात, हे तिला घरातच शिकायला मिळते. इंग्लंडला पाठवणे सर्वांना जमणार नाही. घरात एक वही ठेवणे कोणालाही जमेल.

अलिगढलाही घरातूनच सुरुवात झाली. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०४ मध्ये 'खातून' मासिक काढले आणि १९०६ मध्ये मुलींची शाळा उघडली. पडद्याच्या डोलीतून मुली आणाव्या लागत. १९१४ मध्ये वसतिगृह झाले. वहीद जहाँ बेगम दुसऱ्यांच्या मुलींना आपल्या मुलींसारखे सांभाळीत, म्हणून त्यांना सगळे 'आला बी' म्हणत. याच घरातली मुलगी रशीद जहाँ डॉक्टर झाली आणि १९३२ च्या 'अंगारे' या संग्रहात तिने स्वतःच्या पूर्ण नावाने लिहिले. त्यावर केवढे वादळ उठले आणि सरकारने पुस्तक जप्त केले, ते सर्वश्रुत आहे. 'अमक्याची आई' पासून 'रशीद जहाँ' पर्यंतचे अंतर पुरते चाळीस वर्षांचेही नाही.

न लिहिण्याची किंमत काय असते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी १८५६ मध्ये जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमा हे नाव येते. आपल्या गैरहजेरीत तिच्यावर कामाचा भार पडत असेल, ही काळजी त्यात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी आपण अभिमानाने बोलतो आणि बोललेच पाहिजे. परंतु त्यांच्या हातचा एखादा कागद आज आपल्यापुढे नाही. त्या दिसतात त्या मैत्रिणीच्या लेखणीतून. उलट याच शाळांतली मुक्ता ही मातंग समाजातली विद्यार्थिनी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला आणि आजही तो आपण तिच्या शब्दांत वाचतो. शाळकरी मुलीचा एक निबंध टिकतो आणि शिक्षिकेचे आयुष्य एका ओळीत मावते. ज्याने लिहिले तो उरला, हा इतिहासाचा निर्दय नियम आहे. म्हणूनच मुलीच्या हाती लेखणी देणे ही चैन नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा इतिहास खरा ठरणार नाही. वर आलेली बहुतेक नावे शरीफ म्हणवणाऱ्या घराण्यांची आहेत. मालेगाव-भिवंडीच्या मागावर बसणाऱ्या, कांड्या भरणाऱ्या, बागवानांच्या, आतारांच्या, कोकणातल्या कोळणींच्या घरांत मुलीला लिहू द्यावे की नाही, हा वाद घालायलाही उसंत नव्हती. तिथे मुलीचे दोन हात ही घरची गरज होती. त्या घरांतल्या मुली आज आमच्या उर्दू शाळांच्या बाकांवर बसतात. कितीतरी घरांत लिहिणारी ही पहिली पिढी आहे. पाटण्याच्या हवेलीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी जो प्रश्न उभा राहिला, तो या घरांत आता उभा राहतो आहे.

तो कसा उभा राहतो, हे आम्हाला वर्गात दिसते. आमच्या मुलींचे अक्षर सुरेख असते. फळ्यावरचे उत्तर त्या हुबेहूब उतरवतात, पाठांतर चोख असते. पण 'माझ्या मनातले' असा विषय दिला की अर्ध्या मुली विचारतात, 'टीचर, यात काय लिहायचं?' ही अक्कल कमी असल्याची खूण नाही. घरात कोणी कधी विचारलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही मुलींना उतरवायला शिकवले, लिहायला अजून शिकवायचे आहे. बीबी अशरफ उतरवण्यापासून लिहिण्यापर्यंत एकट्या पोहोचल्या. प्रत्येक मुलीकडून तेवढ्या जिद्दीची अपेक्षा करणे हा अन्याय आहे.

आणि पत्राची ती जुनी भीती? ती आज मोबाईलच्या रूपाने घरात आहे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर आले, तेव्हा एकच फोन असलेल्या घरांत तो आधी भावाच्या हातात गेला. मुलीला मिळाला तो आईच्या नजरेखाली, तासाभरासाठी. फोनचे धोके खरे आहेत. मुलगा असो की मुलगी, लहान वयात मोठ्यांची देखरेख हवीच. परंतु देखरेख दोघांवर आणि संशय एकीवर, असे होत असेल तर ती देखरेख नव्हे. ती 'बेबाकी नसेल तर' हीच जुनी अट आहे. भिणाऱ्या मुलीवर संकट आले तर ती घरी सांगत नाही. जिचे पत्र घराने कधी उघडून वाचले नाही, तीच आलेले वाईट पत्र आपणहून अम्मीला दाखवते.

नावाचेही तसेच. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकाच्या कागदपत्रांत बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि आडनाव यावे. ज्या भाषेत एका लेखिकेला आपल्याच पुस्तकावर 'बॅरिस्टरची आई' म्हणून उभे राहावे लागले, त्या भाषेच्या शाळेत शिकवताना आम्हाला या निर्णयाचे विशेष वाटते. तिथे आईचे नाव मुलाच्या नावाआड लपले होते, इथे मुलाच्या नावाशेजारी आईचे नाव उभे आहे. ही मुले पाच-सहा वर्षांची होऊन आमच्या हजेरीपटावर येतील, तेव्हा आम्ही ते नाव मोठ्याने उच्चारू.

मुलींना वाढवण्याविषयी उपदेश करणारी पुस्तके आपल्याकडे भरपूर झाली. त्यात आणखी एकाची भर घालण्याचा आमचा विचार नाही. इतिहासातून निघते ती गोष्ट छोटी आहे. नजीर अहमदांनी सभा घेतली नाही. रात्री बसून मुलींसाठी चार पाने लिहिली. जोहराने बहिणीची पत्रे पेटीत ठेवली नाहीत, छापायला दिली. तय्यबजींच्या घरात मुलांसाठी वही उघडी राहिली. प्रत्येक वेळी बदल झाला तो घरातल्याच कोणीतरी उंबरठ्याच्या आत केलेल्या लहानशा कामामुळे. मुलीला वाणसामानाचा हिशेब लिहू द्यावा आणि तो खरा मानावा. गावी असलेल्या नानीला तिने स्वतः लिहावे, आपण मजकूर सांगू नये. तिने लिहिलेले वाचायला मागावे, पण तिने नाही म्हटले तर वही परत ठेवून द्यावी. एवढे आपल्यापैकी प्रत्येक घराला परवडते. तव्याची काजळी खरवडायची वेळ आपल्या घरातल्या एकाही मुलीवर येऊ नये, याची जबाबदारी आता सरकारइतकीच, किंबहुना त्याहून थोडी अधिक, आपली आहे.